अक्कांची किळस

अक्कांना किळस फार लवकर येई. दुसऱ्याच्या कंगव्याची, हॉटेलातल्या ओल्या टेबलाची, तोंडावर गोड बोलणाऱ्यांची. मात्र हेब्बाळच्या बाजूला आमच्या घरामागे एक घाणेरडं तळं होतं, त्याच्या चिखलात त्या पदर खोचून उतरत आणि पाण्याच्या बाटल्या भरून आणत. सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. मी पुण्याहून नोकरीला आलेली, त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते.

तळ्यात एका रंगाच्या कारखान्याचं पाणी येत असे. त्याबद्दल सुनावणी होणार होती. पाणी तपासून अक्का आकडे घरच्या कॉम्प्युटरवर ठेवत, आणि फोनच्या तारेवरून कॉलेजातले दोन प्राध्यापक ते बघत. एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. "हे बघ. या आकड्यांप्रमाणे ते पाणी पिता येईल. माझ्या घरात शिरून कोणीतरी उष्टं करून गेलंय." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मग आम्ही फायरवॉल बसवली. एक जुना कॉम्प्युटर फोनची तार आणि अक्कांचं मशीन यांच्यामध्ये ठेवला. "आधी सगळं बंद," अक्का म्हणाल्या. "नंतर ज्याचं काम असेल त्यालाच उघडायचं." मी ऑफिसातून शिरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. फोनवर कळवलं तर म्हणाल्या, "सरी, बरं झालं. आता प्राध्यापकांना घेऊ." पासवर्डही बदलला. आधीचा त्यांच्या आईच्या नावाचा होता.

त्याच आठवड्यात त्यांचा धाकटा भाऊ भास्कर आला. तो त्या कारखान्यात मॅनेजर होता. कॉफी पिता पिता म्हणाला, "अक्का, तुझं मशीन स्वल्प बिघडलंय का? फोनवरून लागत नाही."

"तुला कशाला लागायला हवं होतं?"

अक्कांनी भास्करच्या पुढ्यातला अर्धा पेला उचलला, मोरीत ओतला आणि हात साबणाने धूत राहिल्या. तो कधी गेला ते त्यांनी वळून पाहिलं नाही.

बाटल्यांतलं उरलेलं पाणी त्यांनी पुन्हा तपासलं. सुनावणीत खरे आकडे दिले, आणि ते कोणी बदलले होते असं विचारल्यावर म्हणाल्या, "माझ्या भावाने." कारखान्याचं पाणी थांबलं. भास्करची नोकरी गेली. नंतर त्याचं नाव निघालं की त्या उठून आत जात.

पुढे त्यांना पोटाचा आजार झाला. मी इस्पितळात गेले तेव्हा भास्कर उशाशी बसला होता. अक्कांना उलटी आली. भांडं हाताशी नव्हतं. त्याने ओंजळ पुढे केली.

"नको रे, घाण आहे," त्या म्हणाल्या.

"असू दे अक्का."

त्याने हात धुतले, ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसलं, आणि चमच्याने थोडी गंजी, तांदळाची पातळ पेज, पुढे केली. अक्का बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड उघडलं.