चौथं कार्ड डोंगावालीचं

या सदरात लिहिणारे बहुतेक जण आधी सांगून टाकतात की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता, आणि त्याला कारण आमचे अब्बा. घरात कुणी जिन्नांचा विषय काढला की ते हातातली सुई-दोरी न थांबवता म्हणायचे, "जिन्नात को वरोरे में क्या काम? यहाँ तो हमकोच काम नहीं मिलता." अब्बा पुस्तकं बांधायचे. त्यांच्या हाताखाली वाढलेल्या मुलीला कागदावर जे आहे तेच खरं वाटतं. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते… पटलं नाही तर सोडून द्या.

साल २००३. वरोऱ्याला स्टेशनकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान होतं. पुढे माझ्या मोठ्या भावाचं, म्हणजे भाईजानचं, झेरॉक्स मशीन. मागे प्लायवूडचं पार्टिशन, आणि त्याच्या आड मी आणि माझा कॉम्प्युटर. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, सोयाबीनच्या बियाण्यांची हँडबिलं – हे माझं रोजचं काम.

मे महिन्यात निकुरे गुरुजी आले. भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत त्यांची बरीच वर्षं गेली होती, आता रिटायर होऊन वरोऱ्यात मुलाकडे राहत होते. त्यांनी एक पोतं टेबलावर ठेवलं. आत पुस्तिका. काही सायक्लोस्टाइलच्या, काही छापील, काहींना उंदरांनी कुरतडलेलं.

"हे सारं कंप्युटरात टाकाचं आहे बेटा," ते म्हणाले. "अन् असं टाक, का मी अस्वल म्हटलं तं सारे अस्वल समोर आले पायजे."

मला वाटलं प्राण्यांची माहिती असेल. वाचायला घेतलं तर तो एक खेळ निघाला.

भामरागडकडे पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद होतो. मग दोन-दोन आठवडे शाळेत पोरं आणि गुरुजी, बाकी कुणी नाही. गुरुजींचा पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला होता, त्याने होस्टेलवर इंग्रजी खेळ पाहिला होता – टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. त्याला रोल प्लेइंग गेम म्हणतात हे मला फार नंतर कळलं. गुरुजींनी तो आपल्या मुलांसाठी आपल्या रानात आणला. प्रत्येक मुलाचं एक कार्ड. त्यावर पात्राचं नाव, ताकद, भीती, आणि सोबत काय आहे ते. गुरुजी म्हणायचे, समोर नाला आहे, पाणी चढून राह्यलं, आता काय करता? मुलं सांगायची. जमलं की नाही ते चार अर्धे चिंचोके टाकून ठरायचं. कुणी जिंकत नसे, कुणी हरत नसे. दिवस संपला की प्रत्येकाने कार्डाच्या मागे एक ओळ लिहायची – पुढे काय झालं. मुलं त्याला सोंगखेळ म्हणत.

इतर शाळांनी मागितला म्हणून गुरुजींनी पुस्तिका काढल्या, दहा वर्षांत अकरा. पण प्रत्येक नव्या पुस्तिकेत अर्ध्या जुन्याच गोष्टी परत छापलेल्या. एकच नाला तीन पुस्तिकांत तीन नावांनी. एकाच अस्वलाला एका पुस्तिकेत आगीची भीती, दुसरीत मधमाश्यांची. माझं काम हे, की प्रत्येक गोष्टीची एकच नोंद करायची, ती कोणत्या पुस्तिकेत कितव्या पानावर आली ते लिहायचं, आणि पुनर्मुद्रण असेल तर मूळ नोंदीशी जोडायचं. ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये मी फॉर्म बनवला. पुस्तिका नंबर आणि पान भरल्याशिवाय तो नोंद सेव्हच करायचा नाही. हा नियम मी स्वतःसाठीच घातला होता, कंटाळा करू नये म्हणून.

आणखी एक सांगते, कारण सगळे आधी हेच विचारतात की टाइप कुणी केलं. छापील पुस्तिकांच्या जुन्या फाइली होत्या, पण त्यांचे फॉन्ट वेगळे. माझ्याकडे उघडल्या की नुसता कचरा दिसायचा. त्यामुळे सगळं मी स्वतः टाइप केलं. सगळं. भाईजानला मराठी टायपिंग येत नव्हतं आणि कॉम्प्युटरला पासवर्ड होता.

जुलैच्या शेवटी काम झालं. दुपारचा एक वाजला असेल. गुरुजी स्टुलावर बसून एकेक शब्द सांगत होते आणि मी शोधून दाखवत होते. अस्वल – नऊ नोंदी. शिकारी – पाच. त्यांना इतका आनंद झाला होता की भाईजानलाही त्यांनी मशीन बंद करून बघायला बोलावलं.

मग म्हणाले, "आता डोंगा टाक." डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी. "तीन आले पायजे."

चार आले.

तीन मला ओळखीचे होते. चौथी नोंद मी त्या क्षणी पहिल्यांदा वाचली. आजही पाठ आहे.

पात्र : डोंगावाली. ताकद : पाण्याच्या आवाजावरून किती खोल ते ओळखते. भीती : घंटा. सोबत : मीठ, बांबूची काठी. पुढे काय झालं : डोंगावाली मोठ्या नदीच्या पलीकडे उतरली. तिची माय तिथीच होती. डोंगावालीले दोन लेकी झाल्या. मोठीचं नाव पाऊस, लहानीचं नाव वाळू. लहानीले पाण्याचा आवाज समजते, मोठीले नाई. डोंगावाली आता भामरागडच्या बाजाराले येते.

पुस्तिका नंबर – रिकामा. पान – रिकामं.

मी म्हटलं, "गुरुजी, हे तर मी नाही केलं…" आणि मागे पाहिलं. गुरुजींचा चेहरा बघून माझं वाक्य तिथंच राहिलं.

"हे तुले कोनं सांगितलं?"

"कोणीच नाही. मी आत्ताच बघून राह्यले."

"बेटा, असी मस्करी करू नये." आवाज अगदी हळू होता. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते उठले आणि छत्री विसरून निघून गेले. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तीन महिने मान मोडून काम केलं होतं आणि शेवटी हे.

त्यानंतर मी मुद्दाम रिकाम्या पानाची नोंद सेव्ह करून पाहिली. दहा वेळा तरी. फॉर्म घेत नव्हता.

चार दिवसांनी गुरुजी परत आले. भाईजानने छत्री पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही, सरळ आत येऊन स्टुलावर बसले आणि बोलायला लागले.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या शाळेत जुरी नावाची मुलगी होती. माडिया आदिवासी, अकरा वर्षांची. बाप नव्हता. आई दुसरं लग्न करून नदीपलीकडे बस्तरात गेलेली. मामाने शाळेत आणून सोडली. वर्गात तोंड उघडायची नाही, पण सोंगखेळात तिच्यासारखं कुणी नाही. डोंगावाली हे तिचं पात्र. ऑगस्टच्या पुरात एका सकाळी हजेरीला जुरी नव्हती आणि काठाला बांधलेला डोंगाही नव्हता. तिसऱ्या दिवशी डोंगा खाली दोन कोसांवर उलटा सापडला.

"मी तिचं कार्ड त्याच नदीत सोडलं," गुरुजी म्हणाले. "कोन्या पुस्तिकेत घेतलं नाई. घरी बायकोलेही सांगितलं नाई. तुले कसं मालूम असन… चार दिवस तेच इचार करून राह्यलो."

"मग तिच्या मामाने काय सांगितलं?"

"मामा हिवाळ्यात गाव सोडून गेला. माही बदली कुरखेड्याकडे झाली. मी मांगून कधी चौकशीले गेलोच नाई. हिंमत झाली नाई. कोनं म्हटलं असतं का हो गुरुजी, मेली, तं…" मग स्क्रीनकडे बोट करून म्हणाले, "बाजाराले येते म्हंते हे. मले जायाचं आहे. तू चालशील काय? ते तुह्याच हातानं निंघालं."

पाणी उतरेपर्यंत थांबणं भाग होतं. नोव्हेंबरात आम्ही निघालो – गुरुजी, भाईजान आणि मी. अम्मीची परवानगी भाईजान सोबत असल्यामुळेच मिळाली. चंद्रपूरहून आलापल्ली, तिथून भामरागडची एसटी. गुरुजी पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होते. मला मात्र एकच भीती होती, की बाजारात कुणी भेटलं नाही तर या माणसाचं काय होईल. त्या नोंदीची प्रिंट माझ्या पर्समध्ये होती आणि मला ती फाडून टाकावीशी वाटत होती.

आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळपासून आम्ही बसलो. नदीपलीकडच्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन डोंग्यांनी येत होत्या. गुरुजी प्रत्येकीला तोडक्यामोडक्या माडियात विचारत होते, जुरी माहीत आहे का. कुणी मान हलवायची, कुणी हसायची. जुरी नावाच्या दोन भेटल्याही. एक म्हातारी होती, दुसरी चार वर्षांची.

बारा वाजून गेले. भाईजान म्हणाला, "गुरुजी, थोडं खाऊन घ्या." ते नको म्हणाले.

तेवढ्यात हिरड्याची टोपली घेऊन बसलेली एक बाई उठून आली. बावीसेक वर्षांची, कडेवर लहान मुलगी. ती गुरुजींसमोर येऊन उभी राहिली आणि नुसती बघत राहिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "म्हातारे झाले तुमी."

गुरुजी उठायला गेले आणि परत खाली बसले. भाईजानने त्यांना धरलं. ती समोर उकिडवी बसली. मुलीला मांडीवर घेतलं. आम्ही भाऊ-बहीण दुसरीकडे बघत होतो.

मग तिने सांगितलं. पुराच्या आदल्या दिवशी पलीकडून निरोप आला होता की आई आजारी आहे. पाणी एवढं असताना कुणी सोडणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून पहाटे उठली आणि डोंगा सोडला. मध्येच तो उलटला. एक बांबू हाताला लागला, त्याला धरून ती पलीकडच्या काठाला लागली आणि चालत आईकडे पोचली.

"मंग सांगून काऊन नाई धाडलं?" गुरुजींनी विचारलं. "अकरा वर्सं, जुरी."

"डोंगा बुडवला ना मी," ती म्हणाली. "भेव लागलं. तुमी माराल म्हणून."

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते आधी हसले, मग त्यांच्याने हसवेना. जुरीने पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि मग त्याच पदराने त्यांचे.

थोड्या वेळाने गुरुजींनी विचारलं, "सोंगखेळ आठवते काय?"

"आठवते. धान कांडताना खेळतो मी. एकटीच. तिकडं कोनाले येत नाई."

"मंग डोंगावाली कुठी आहे आता?"

ती लाजली. "मोठी झाली. दोन लेकी आहेत तिले."

मी तिच्या मांडीवरच्या मुलीकडे बोट केलं. "आणि तुला?"

"मले हे एकच."

मी पर्समधून प्रिंट काढली आणि वाचली. पाऊस आणि वाळू ही नावं आली तेव्हा तिने मुलीला घट्ट धरलं. पूर्ण ऐकून घेतलं. मग कागद हातात घेऊन बघितला. वाचता येत होतं तिला अजून, अक्षराला बोट लावून.

"हे मी कोनालेच नाई सांगितलं बाई," ती म्हणाली. "तोंडानं कधी बोललीच नाई. मनातच होतं. कोनं लिवलं?"

मी खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. माझ्या कॉम्प्युटरमध्ये आलं. ती घाबरली नाही. तिने विचार केला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "याच्या पुढचंबी मी ठरवलं आहे. ते आलं काय तिथी?"

"नाही. एवढंच आलं."

"मंग घरी जाऊन पाहा."

पुढचं काय ठरवलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तीन वाजता पलीकडे जाणारे डोंगे निघाले. गुरुजींनी तिला स्वतःचा पेन दिला, आमच्याकडे दुसरं काही देण्यासारखं नव्हतं. नंतर जवळजवळ दरवर्षी हिवाळ्यात ते भामरागडला जात राहिले, गुडघे चालले तोपर्यंत. जुरीच्या घरची चारोळी आमच्याकडेही यायची. गुरुजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलाने मला सांगितलं की शेवटची काही वर्षं ते चांगले झोपायचे, आधी असं कधी नव्हतं.

मी केलेल्या या सगळ्या नोंदी सीडीवर घालून गुरुजींनी काही शाळांत पाठवल्या. डोंगावालीची ती नोंद त्यात आहे, गुरुजींनी ती काढू दिली नाही. नागपूरच्या एका इंजिनिअरला मी फाइल दाखवली होती. तो म्हणाला, मॅडम, थकव्यात तुम्हीच टाइप केलं असेल आणि विसरला असाल. असेलही. पण मग मी ते ऐकलं कुठून? जिला माहीत होतं ती नदीच्या पलीकडे धान कांडत होती, आणि तिने ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

भामरागडहून आले त्या दिवशी बुरखाही न काढता मी कॉम्प्युटर चालू केला होता. शोधात 'डोंगा' टाकलं. त्याच चार नोंदी. चौथी उघडून शेवटपर्यंत वाचली. एक अक्षरही वाढलेलं नव्हतं… आणि मला भीतीऐवजी वाईट वाटलं. पुढे कितीतरी महिने मी सकाळी दुकान उघडलं की आधी तेच करायचे.