त्या बाईंचं काम आधी वाचा

लोणावळ्याहून कॉलेजला जात होते. घोरावाडीला गाडी थांबली तेव्हा मी फोनवर मेल उघडली. एका नियतकालिकानं माझा संशोधनाचा पेपर नाकारला होता. ते चालायचंच. पण खाली परीक्षकानं एक सल्ला दिला होता: चिखलातून चालणाऱ्या रोबोंवर एका बाईंचं फार चांगलं काम आहे, लेखिकेनं ते आधी नीट समजून घ्यावं. त्या बाई म्हणजे मीच. लग्नाआधीची. मी इतक्या जोरात हसले की शेजारची बाई पर्स सावरून जरा लांब सरकली. देहूरोड येईपर्यंत हसू संपलं आणि संताप सुरू झाला.

मी पायांनी चालणारे रोबो बनवते. चाकांचे रोबो सपाट फरशीवर मिजास दाखवतात. त्यांना भातखाचरात उतरवा, मग बघू. लग्नाआधी आमचा चार पायांचा रोबो मी वडिवळ्याला, माहेरच्या खाचरात उतरवला होता. रुतलेला पाय उपसायला मोटरला किती जोर लागतो, त्यावरून पुढचं पाऊल किती जपून टाकायचं हे त्यानं स्वतः ठरवायचं, एवढीच माझी कल्पना. बांधावर निम्मं गाव जमलं होतं.

“चावतं का गं ह्ये?” एका आबांनी विचारलं.

“न्हाई आबा, पर रुततंय लय.”

कितीतरी दिवस ते रुतलं, कलंडलं, आम्ही धुऊन पुन्हा उभं केलं, आणि मग एका सकाळी ते या बांधापासून त्या बांधापर्यंत चालत गेलं. मी गुडघाभर चिखलात ओरडत उभी होते. त्या कामावरचे पेपर कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी वाचले, आपापल्या पेपरांत त्यांचा हवाला दिला. संशोधकाची पत या हवाल्यांवरच ठरते. ते आजही येतात, फक्त जुन्या नावावर.

कारण लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. ते सासूबाईंनी निवडलं होतं. गोड नाव होतं, मला आवडलंही. वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं आणि स्वतःचंही गेलं. नव्या नवलाईत मी कॉलेजचे कागद बदलले, पुढचे पेपरही त्याच नावानं पाठवले. जगाच्या दृष्टीनं एक चांगली संशोधक अचानक गप्प झाली होती, आणि कुणी नवखी बाई तिचंच काम उगाळत बसली होती.

त्यात बढतीची मुलाखत तोंडावर आली. कार्यालयातल्या साहेबांनी फाइल चाळली. “हे जुने पेपर तुमच्या नावावर नाहीत, मॅडम. प्रतिज्ञापत्र द्या, आणि यापुढे एकच नाव ठेवा. आताचं.”

“आताचंच का?”

“रेकॉर्डला तेच आहे ना. परत बदलायचं म्हटलं तर या खेपेची बढती विसरा.”

लहान मुलाला समजावतात तसा त्यांचा सूर होता, आणि तो माझ्या डोक्यात गेला. नाव एकच ठेवायचं हे मला पटलं होतं. कोणतं, ते मी ठरवणार होते. नाकारलेला पेपर पुन्हा लिहायचा, नव्या चाचण्या घ्यायच्या आणि जन्मनावानं पाठवायचा. रेकॉर्ड येईल माझ्या मागून.

सासूबाईंना सांगणं त्याहून अवघड गेलं.

“म्हणजे मी दिलेलं नाव टाकून देणार म्हण की.”

“टाकत नाही, आई. घरात तेच राहू दे. पण ज्या नावानं चिखलात उभी राहिले, त्या नावानंच मला काम करायचंय.”

दुसऱ्या दिवसापासून आमचा दुपारचा चहा वेगवेगळा होऊ लागला. नवऱ्यानं “तुमचं तुम्ही बघा” म्हणून अंग काढून घेतलं. बढती गेली. त्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून मी पोटभर रडले, आणि तोंड धुऊन पुन्हा पेपर लिहायला बसले. सुट्टीच्या दिवशी वडिवळं, बाकीच्या दिवशी कॉलेज, असं चाललं. मला आता मागं फिरायचं नव्हतं.

पेपर छापून आला तेव्हा मी त्याची प्रत काढून घरी नेली. सासूबाईंनी चष्मा मागितला. इंग्रजी मजकुराच्या डोक्यावर माझं नाव होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“हे कुणी ठेवलेलं?”

“आत्यानं. बारशाला.”

“तिला दाखवलंस?”

“अजून नाही.”

“आधी तिला दाखव.” मग त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “माझंही आत्यानंच ठेवलं होतं. लग्नात बदललं. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.”

मी नाव विचारलं. आधी त्या नकोच म्हणाल्या, मग हळूच सांगितलं. मी उठले, दारात जाऊन उभी राहिले आणि अंगणातून मैत्रीण हाक मारते तशी खणखणीत हाक मारली.

आतून नवरा बाहेर आला. त्यानं माझ्या मागं, फाटकाकडं नजर टाकली. “कोण आलंय गं, आई? कुणाला बोलावताय?”

सासूबाई माझ्याकडं वळल्या.

“सांग त्याला,” त्या म्हणाल्या.