काळी लाट आणि आमचा गडगा

किस्से जमवायला काही लागत नाही हो. दोन घरांच्या मधे दगडांचा कमरेएवढा गडगा असावा, पलीकडे काहीतरी चाललेलं असावं आणि अलीकडे माझ्यासारखी रिकामटेकडी बाई असावी. बस्स! माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण गडग्यावरून पलीकडचं वाचण्यात मी डबल ग्रॅज्युएट आहे.

पलीकडे राहते तन्वी. पुण्याला चित्रं काढायचा कोर्स करून आली आणि इथे, कुणकेश्वरच्या अलीकडे, आमच्या गावात पडवीत बसून कॉमिक काढायला लागली. कॉमिकमध्ये आपल्याच किनाऱ्यावरची दोन कॉलेजातली पोरं. सुपरहिरो! पोरगा उडतो. पोरगी, तिचं नाव लाट, समुद्र हाताने अडवते. आणि वीस वर्षांनंतरची ही दोघंच, वाईट झालेली, काळात मागे येऊन गाव बुडवायला बघतात. म्हणजे आपलंच भूत आपल्यासमोर, तेही जिवंतपणी.

तन्वीने मला हे समजावलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "वीस वर्षांनी घराक इली म्हणजे पावणीच ती. चाय तरी विचारलंस तिका?"

"काकी, ती गाव बुडवूक इली आसा!"

"मगे? बुडवूच्या आधी घोटभर घेयत ना!"

*

अशी गोष्ट पोटात ठेवायला माझं पोट म्हणजे काय बँकेचा लॉकर आहे? मी एसटीच्या थांब्यावर थोडी सांगितली, पिठाच्या गिरणीत थोडी सांगितली.

दुसऱ्या दिवशी मासेवाली सुशीला तन्वीच्या अंगणात आली ती पाटी डोक्यावर ठेवूनच ओरडली, "काय गो तन्वी, ती लाट मरतली काय? मारलंस तर बघ! ह्या खळ्यात परत पाटी उतरवचंय नाय!"

तन्वीने तोवर त्या कॉमिकचं एकही पान कोणाला दाखवलं नव्हतं!

तिची आई मान हलवत म्हणाली, "आता छापूक कित्याक व्हया? शेजारणीन अख्खी आवृत्ती वाटून टाकली!"

*

एकदा तन्वी म्हणाली, "काकी, मॉडेल म्हणून उभी रवशील?"

मॉडेल! मी धावत घरात गेले. पावडर लावली, लिपस्टिक लावली (भाचीच्या लग्नातली, थोडी सुकलेली), अबोलीचा वळेसर माळला आणि लाट म्हणून कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

तन्वी जरा घुटमळली. "काकी... लाटेक माझी मैत्रीण उभी रवतली. तुका दुसऱ्या लाटेसाठी बोलावलंय. वीस वर्षांनंतरच्या. काळ्या."

घरी आले तर आमचे हे पेपरातून मान वर करून म्हणाले, "तोंड धुवू नको. गाव घाबरवूक ह्या पुरे आसा!"

*

पण मग गाडं अडलं. उडणाऱ्या पोराचं जमलं होतं. त्याचा वाईट अवतार दुपारी सुरमईचं कालवण आणि भात जेवून आडवा झाला आणि झोपेतच बांधला गेला. ही आयडिया माझी, आमच्या ह्यांच्यावरून सुचलेली. लाटेचं मात्र काही केल्या जमेना. काळ्या लाटेला मारावं तर ती स्वतःच! न मारावं तर गाव बुडतं.

इकडे प्रकाशकाला सगळी पानं पाडव्याच्या आत हवी होती. आणि तन्वीचे बाबा, बबनदादा, होडीवरून आले की रोज एकच वाक्य. "पाडव्यापर्यंत झाला तर झाला. नायतर कुडाळाक मामाच्या ऑफिसात बस. घरात बसान चित्रां काढूचा ह्या वय नाय."

मी वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर घालून हे ऐकत होते. पोरीचा चेहरा बघवेना. म्हणून मग मी दर तासाला एक शेवट सुचवायला लागले. काळ्या लाटेचं लग्न लावून देऊया. तिची दृष्ट काढूया. तिला तलाठी ऑफिसात पाठवूया, परत यायचीच नाही!

तन्वी एवढंच म्हणाली, "काकी, जरा गप रवशील?"

मी गप राहिले. चहा होईपर्यंत.

*

पाडवा चार दिवसांवर आला तरी शेवट नाही. पोर रडकुंडीला आली. तेव्हा बबनदादानेच नारळ आणला. बाप वरून फणस! म्हणाला, "गाऱ्हाणा घालूया."

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून कर्त्याने मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पाळण्यातली सवय. कानावर पडलं की तोंडातून आपोआप निघतंच.

आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान जा काम हातात घेतलाहा, ता तडीस जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या वाटेत काय इडापिडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बबनदादाने डोळे घट्ट मिटले. "आणि जा कोण उठल्यासुटल्या गडग्यावरना तोंड घालून ह्या पोरीचा ध्यान मोडता, तेका तेच्या घरात सुखान बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी डोळे उघडले. आवाज एकटा माझाच आला होता. बाकीचे सगळे जमिनीकडे बघत होते.

तन्वी मात्र माझ्याकडे बघत होती. टक लावून. मग प्रसादही न घेता ती घरात पळाली.

दोन दिवसांनी तिने मला गडग्यावरून शेवटचं पान दाखवलं. गाव गुडघाभर पाण्यात. लाट समोर नारळ ठेवून म्हणतेय, "जी कोण ह्यो गाव बुडवूक इली आसा, तिका सात समुद्रापार धाड रे म्हाराजा!"

आणि काळी लाट, हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांत मोठ्याने: "व्हय म्हाराजा!"