बचावाची बाजू

“‘बिचारी’ हा पुरावा नव्हे. खोडून टाक.”

आमच्या अक्कांच्या तोंडी हे वाक्य आलं नाही असा आठवडा गेला नसेल. कुंभकोणमच्या कोर्टाच्या आवारात त्यांना येरझारा घालताना पाहिलं असतंत, तर या बाईंची बस चुकते आहे असंच तुम्हाला वाटलं असतं. त्या वकील. आमच्यासारखंच त्यांचं घर तंजावरकडच्या जुन्या मराठी माणसांचं. समजवायचं असलं की मराठी, रागावल्या की तमिळ.

संध्याकाळी त्या आम्हा कायद्याच्या मुलांना खटल्यांवर निबंध लिहायला शिकवत. मुलं बसायची, अक्का चालायच्या. हातातली कॉफी कुठल्या तरी खिडकीत ठेवायच्या आणि मग घरभर शोधत फिरायच्या.

“आधी काय घडलं. मग कोर्टापुढचा प्रश्न. मग कायदा, दोन्ही बाजू, निकाल. तुझं मत सगळ्यांत शेवटी. त्याला आधी घाई झाली तर बाहेर उभं कर.”

कॉलेजने मला निबंधासाठी चोळपुरमचा खटला दिला. सासरी जळून गेलेली तरुण बायको, संशयाचा फायदा मिळून सुटलेला नवरा. ती अक्कांची धाकटी बहीण होती. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या निकालानंतरच शाळेतली नोकरी सोडून अक्का कायदा शिकल्या होत्या.

“तो कागद त्यांच्याकडे नेऊ नकोस गं,” आई म्हणाली. पण त्यांच्याशिवाय मला लिहिता येईना. नेला.

वरचं नाव वाचून अक्का थांबल्या. मग नेहमीपेक्षा जोरात चालू लागल्या.

“वाच.”

मी वाचलं. ‘बिचारी’ गेली, ‘नराधम’ही गेला. बचावाच्या बाजूला माझ्या दोनच ओळी होत्या.

“एवढंच?”

“अक्का, मला नाही लिहवत.”

“तुला लिहवत नाही म्हणून त्याची बाजू नाहीशी होत नाही. घे लिहून.”

आणि त्या सांगू लागल्या. बहिणीने मरण्यापूर्वी दोनदा जबानी दिली होती. आधी म्हणाली, स्टोव्ह भडकला. नंतर म्हणाली, त्याने पेटवलं. विझवताना नवऱ्याचे हात भाजले होते. शेजाऱ्यांनी भांडण ऐकलं नव्हतं. त्याच्या वकिलालाही इतकं नेटकं मांडता आलं नसेल. आवाज कुठे अडखळला नाही. फक्त खिडकीची कडी त्या लावत होत्या, काढत होत्या.

“यात खोटं काय, सांग.”

मी लिहिलेलं पुन्हा पाहिलं. खोटं काहीच नव्हतं.

“मग निकाल?”

“त्या पुराव्यावर... बरोबर,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

“रड. पण पुढचं विचार. कोर्टात काय विचारायचं राहिलं?”

डोळे पुसून मी निकालपत्र पुन्हा वाचत गेले. पहिली जबानी घेताना खोलीत कोण होतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. सरकारी वकिलांनीही नाही.

“नवरा होता,” अक्का म्हणाल्या. “उशाशी. मी दारातून पाहिला. मला साक्षीला बोलावलंच नाही, आणि हे आपण होऊन सांगायचं असतं, एवढीही अक्कल मला तेव्हा नव्हती.” कडी लागली. “हे पुराव्यात आलेलं नाही, लिहू नकोस. फक्त तो प्रश्न लिही.”

पुढे मी त्यांच्याच हाताखाली वकिली करू लागले. भाजलेली बाई दवाखान्यात आल्याचं कळलं की अक्का हातातलं टाकून ऑटो पकडायच्या. तिरुभुवनमची एक मुलगी आणली तेव्हा मी बरोबर होते. नवरा उशाशी पाण्याचा पेला धरून बसला होता.

“तंबी, जरा बाहेर थांब,” अक्का तमिळमध्ये, धाकट्या भावाला म्हणावं तशा मऊ आवाजात म्हणाल्या. तो हलेना. अक्काही हलल्या नाहीत. जबानी घ्यायला मॅजिस्ट्रेट आले तेव्हा अक्कांनी त्यांना एवढंच विचारलं, “हा इथे असणार आहे का?” मॅजिस्ट्रेटनी त्याला बाहेर काढलं, आम्हीही बाहेर आलो. दार बराच वेळ बंद होतं.

मुलगी वाचली नाही. तिची जबानी कोर्टात टिकली. पण खटला चालू असतानाच, एका सकाळी कोर्टात निघायची तयारी करता करता, अक्का गेल्या.

निकालाच्या दिवशी नवऱ्याला शिक्षा झाली. मुलीची आई गर्दीतून माझ्यापर्यंत आली आणि माझ्या मागे कुणाला तरी शोधू लागली.

“अंद अम्मा एंगे?” त्या अम्मा कुठे आहेत?

मला तमिळ कळतच नसल्यासारखी मी उभी राहिले.