रविवारचं सॉसेज

चहा ते उभ्यानंच प्यायचे. एक पाय पायरीवर, बशी तळहातावर आणि नजर रस्त्यावर. "बसा की जरा," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसून काय व्हतंय?" तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे नुसतं बघूनच आपल्याला धाप लागते. माझ्या नशिबी तो घरमालक म्हणून आला.

काटेवाडीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचे आणि सणसरला एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांचं बारामतीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. कुणाची विहिरीवरची मोटार जळाली की यांचा फोन वाजायचा आणि हे हातातल्या भाकरीच्या तुकड्यासकट गाडीला किक मारायचे. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. वहिनी सांगायच्या, "लग्नात अंतरपाट निघायच्या आधीच हे हार घिऊन पुढं सरकले हुते. भटजींनी धरून मागं उभं केलं."

त्यांचे वडील, आबा, वरकुट्याला मेंढरं राखायचे. गुडघे गेले तेव्हा कळप विकला आणि आबांना इकडं आणलं. त्याच वर्षी उरलेसुरले दातही पडले आणि आबांनी जेवण जवळजवळ सोडलंच. कवळी करून आणली, तर "दुसऱ्याच्या दातानं काय खायाचं?" म्हणून ती डबीत ठेवून दिली. जन्मभर मटण खाल्लेला माणूस, म्हणून खिमा करून दिला. आबांनी ताट सरकवलं. "हे आधीच कुणीतरी चावलेलं हाय," म्हणाले. महिन्यागणिक ते आटत चालले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पोटात अन्न गेलं नाही तर हे फार दिवस काढणार नाहीत.

एका संध्याकाळी आमचे घरमालक बारामतीहून आले ते थेट माझ्या जिन्यावर. एका कॅफेत पाण्याची मोटार बसवायला गेले होते, तिथल्या मालकानं त्यांना हॉट डॉग, म्हणजे लांबट पावात घातलेलं सॉसेज, खायला दिला होता.

"मॅडम, हे तर आमचंच हाय! आमचा आजा रानात आतड्यात मटण भरून जाळावर भाजायचा. वरचं कातडं कट्‌दिशी तुटतं, आत मऊ. दात नसला तरी हिरडीला कळतंय, आपुन मटण खातोय म्हणून!"

मी जन्माची शाकाहारी. पण सॉसेजच्या कृती मोबाइलवर सगळ्या इंग्रजीत, त्यामुळे त्या वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. जिन्यात नाकाला पदर लावून मी "चरबी थंड ठेवा" वगैरे ओरडून सांगायचे आणि खाली अंगणात रविवारचा कारखाना चालायचा.

पहिल्या रविवारी मिक्सर जळाला. तो त्यांनी जेवायच्या आत स्वतःच वाइंडिंग करून पुन्हा चालू केला, पण मटण गरम होऊन चरबी सुटली होती आणि सगळं भुगा भुगा झालं. दुसऱ्या रविवारी मटणात बर्फ घातला, तो आइसकांडीवाल्याकडून आणलेला. भरलं छान, पण पाण्याला खळखळून उकळी येऊ दिली आणि पातेल्यात एकामागून एक आतडी फुटली. पाणी नुसतं गरम हवं, उकळतं नको, हे मी आधी सांगितलं होतं. पण पाणी तापेपर्यंत थांबणं हाच त्यांना जाच, त्यांनी गॅस मोठा केला होता.

भरायला यंत्र नव्हतं. वहिनींच्या माहेरचा पितळी सोऱ्या त्यांनी न विचारता उचलला आणि चकलीच्या ताटलीऐवजी नळीची ताटली घरीच पत्रा कापून बसवली. वहिनींनी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. "दिवाळीला काय ह्यातल्याच चकल्या खायाच्या का?" दुसऱ्या दिवशी नवा सोऱ्या आला, तेव्हा कुठं चूल पेटली.

आतडं साफ करणं मात्र त्यांना कधीच जमलं नाही. ते काम आबांचं. कोमट पाण्यात मीठ टाकून आबा आतडं बोटावर उलटं करायचे, चमच्याच्या पाठीनं हलकं खरवडायचे, मग फुंकून कुठं भोक नाही ना ते बघायचे. कळप गेल्यापासून रिकामे पडलेले ते हात त्या वेळी बघण्यासारखे असत. मग आबा आतडं सोऱ्याच्या तोंडाला धरून बसायचे आणि समोर लेक दांडा फिरवायचा. घाई केली की आतडं फाटायचं. त्यामुळे तास-दीड तास आमचे घरमालक चक्क मांडी घालून बसायचे. बापलेकांच्या मेंढरांच्या गप्पा निघायच्या. फोन वाजला तर आबाच म्हणायचे, "हात बरबटलाय तुजा, ऱ्हाऊ दे."

तव्यावर परतलेलं सॉसेज बनपावात घालून, वर शेंगदाण्याची चटणी टाकून आबांपुढं यायचं. आबा सावकाश खायचे, तोंड पुसायचे आणि निकाल द्यायचे, "बरं हाय. पर कायतरी कमी हाय."

झालं. पुढचे सहा दिवस यांच्या डोक्यात तेवढंच. लसूण वाढवला, मिरी घातली, जायफळ किसलं, निखाऱ्यावर तूप सोडून धुरी दिली. इंदापूरच्या बाजारातून मटण आणून पाहिलं. दर रविवारी नवी युक्ती आणि आबांचं उत्तर तेच. कमी हाय, कमी हाय म्हणत आबा तीन-तीन सॉसेज खायचे, आणि त्यांचे गाल भरू लागले. श्रावणात मटण बंद झालं, रविवारी लेक पुन्हा दुकानात जायला लागला, तेव्हा आबा दिवसभर फाटकाकडे तोंड करून बसायचे आणि भाकरी तशीच परत जायची.

श्रावण संपल्यावरच्या एका रविवारी ते बर्फ आणायला गेले असताना आबांनी मला खूण करून खाली बोलावलं.

"मॅडम, तुमी खात न्हाय, म्हणून तुमाला सांगतो. तिसऱ्या डावालाच जमलं हुतं."

"अहो मग सांगा की त्यांना!"

"जमलं म्हणलं की ह्यो उठला. मग मला दिसायचा कवा?" आबा बोळक्या तोंडानं हसले. "बोलू नका कुठं. शपथ हाय माजी."

मलाही हसू आलं. किती गोड लबाडी, असं वाटलं. मी शब्द दिला.

दिवाळीनंतर आबांना ताप आला. पाच दिवस ते खाटेवरच होते. रविवारी सकाळी घरमालक जिन्यात आले, अंगात जर्किन, हातात गाडीची किल्ली.

"पुण्यात भरायचं खरं यंत्र मिळतंय, मॅडम. सोऱ्यात मटण दाबलं जातंय, त्येच कमी पडतंय आबांना. यंत्र आणतो. आज पोटभर खातील, उद्याला उठून बसतील."

"आज नका जाऊ," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. काही कमी नाहीये, तुम्ही नुसते त्यांच्या खाटेपाशी बसा, हे ओठांवर होतं. पण शपथ होती, आणि दुपारपर्यंत तर येतील परत, असा विचार केला. गाडी सुरू झालीसुद्धा.

आबांनी दोनदा विचारलं, "आला का?" वहिनी म्हणाल्या, "येत्यात." एकच्या सुमाराला आबा गेले. आम्ही फोन केला तेव्हा हे पाटसच्या अलीकडे होते, यंत्राचं खोकं कॅरिअरला बांधून.

दहाव्याला ते मान खाली घालून बसले होते. कुणी काही बोललं की तेवढंच म्हणायचे, "मी कशाला गेलो?" दोन महिन्यांत त्यांनी दुकान भाड्यानं दिलं आणि वहिनींना घेऊन वरकुट्याला गेले. तिथं त्यांनी बारा मेंढ्या घेतल्या आहेत असं कळतं. मीही खोली सोडली. ती सकाळ मात्र सुटत नाही. जिना, किल्ली, आणि माझं तोंड मिटलेलं. आबांना दिलेला शब्द पाळला याचा मला अभिमान वाटायला हवा होता, पण मला माझाच राग येतो.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "एक इचारू का मॅडम? आबा तुमच्यासंगं बोलायचे. कदी म्हणले का तुमाला, काय कमी पडत हुतं?"

वर्गात पोरांना मी सांगते, खोटं बोलू नये. खरं इतकंच होतं की काहीही कमी नव्हतं. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता.

"तुम्ही म्हणत होता तेच," मी म्हटलं. "सोऱ्यात मटण दाबलं जातंय, असं म्हणायचे आबा. यंत्र पाहिजे म्हणायचे."

मग एक लांब श्वास ऐकू आला.

"बगा! म्हणजी मला जायालाच लागणार हुतं."

"व्हय," मी म्हटलं, "जायलाच लागणार होतं."