लहान अक्षरांची पट्टी

कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत. त्या शब्दातली माया मात्र नवऱ्याबरोबरच गेली होती. तो गेल्यावर कारखाना दिराच्या हाती आला. तिच्याकडे वरची खोली, खालचं स्टूल आणि तपासणीचा शिक्का एवढंच राहिलं.

काम यंत्रांवरच्या धातूच्या पाट्या कोरण्याचं. पितळी इंग्रजी अक्षरं पट्टीत लावायची, यंत्राचा एक हात त्यांवरून फिरवला की दुसरा हात तेच पाटीवर बारीक कोरतो. मोठ्या अक्षरांची पट्टी वेगळी, लहान अक्षरांची वेगळी. मोजमापाची खूण आली की मध्येच पट्टी बदलून पुन्हा नेम धरायचा. दिराचा हात तिथे हमखास घसरे. वहिनीचा वीस वर्षांत केसभर हलला नव्हता, आणि हेच त्याला खुपायचं.

दोन दिवस ती बहिणीकडे गेली, तेवढ्यात त्याने डोळे तपासायच्या लेझरच्या दोनशे चाळीस पाट्या एकाच पट्टीवर उरकल्या. परत आल्यावर तिने पहिलीच पाटी उजेडात धरली.

"भाऊजी, पाच मिलीवॉट हवं होतं. एम लहान हवा, मोठा कोरलाय तुम्ही. हे मेगावॉट झालं. माणसाच्या डोळ्यात अख्ख्या शहराची वीज सोडताय?"

"कळतं हो डॉक्टरांना. मोठी अक्षरं एकसारखी दिसतात. मारा शिक्का."

"नाही मारणार."

"वरची खोली कुणाच्या मेहेरबानीवर आहे, विसरलात वाटतं?"

"विसरू कशी? रोज सकाळी तुम्ही आठवण करून देताच की."

त्याने तिच्या हातातला शिक्का हिसकावला आणि धडाधड सगळ्या खोक्यांवर उमटवला. वहिनी वर गेली आणि गिऱ्हाईकाला फोन लावला.

दुपारी त्यांचा तपासनीस आला. खोकं उघडून त्याने एकच पाटी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे पास कुणी केलं?"

"वहिनींचा शिक्का आहे की," दीर म्हणाला. आवाजात मध होता.

"शिक्का माझा आहे, मारलाय यांनी," वहिनी म्हणाली. "मी पास केलं असतं, तर सकाळी तुम्हाला फोन कशाला केला असता?"

दिराचा चेहरा काळाठिक्कर पडला. तपासनिसाने खोकी परत ढकलली. "गुरुवारपर्यंत नव्या पाट्या द्या, आणि याच बाईंच्या हातच्या. नाहीतर पुढचं काम दुसरीकडे."

तो गेल्यावर दीर दात-ओठ खात म्हणाला, "घरातच फितुरी! बसा आता यंत्रावर."

वहिनी हाताची घडी घालून उभी. "खोली माझ्या हयातीपर्यंत माझी, असं कागदावर लिहून द्या. मग बसते."

"अडवणूक करताय?"

"तुमच्याकडूनच शिकले."

गुरुवार तीन दिवसांवर होता. त्याने लिहिलं; पेन इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला. वहिनीने ओळ न् ओळ वाचली, जावेला खाली बोलावून साक्षीची सही घेतली. सही करताना जाऊ पुटपुटली, "कैदाशीण."

"तारीख राहिली," वहिनी म्हणाली. तीही घालून घेतली आणि यंत्राचं बटण दाबलं.