जयवंताबाईंची मोजदाद

जठारपेठेच्या मागल्या गल्लीत कोणाकडे किती माणसं आहेत, हे जयवंताबाईंना भाजीवरून कळतं. पाव किलो भेंडी म्हणजे नवराबायको. दीड किलो झाली की पाहुणे. आणि अचानक कारली घेऊ लागले तर घरात कोणाची तरी साखर वाढली. मे महिन्याच्या भर दुपारी इंजिनिअरिंग कॉलेजातली वर्षाली कागद घेऊन दारोदार हिंडत होती आणि कोणी दार उघडेना, तेव्हा त्यांनी भाजीची हातगाडी कडुलिंबाखाली लावली.

"काय मोजून राहिली व पोरी?"

"रात्री भूकंप झाला तर छपराखाली किती माणसं सापडतील, ते. होईलच असं नाही मावशी, पण अंदाज हवा."

"चाल माह्यासंग. या गल्लीतलं एक माणूस जरी सुटलं, तर तराजू ठेवून देईन!"

प्रत्येक दारात एकच उत्तर मिळालं. "घरात? या उकाड्यात? गच्चीवर निजतो आमी." बारा घरं, बारा शून्यं.

"मावशी, असं तर छपराखाली कोणीच नाही."

"मंग? आमच्या उन्हायाचं पुण्य हाय ते."

तेरावं घर जयवंताबाईंचंच. "लिही शून्य. मी अन् माहा पोरगा शेखर गच्चीवर."

पाणी प्यायला वर्षाली आत आली आणि थबकली. माळ्यावर कांद्याची तीन पोती. माळ्याला मधोमध बाक आलेला. बरोबर खाली खाट, आणि खाटेवर सासूबाई, सुभद्राबाई. गुडघ्यांपायी सहा वर्षांत त्या जिना चढल्या नव्हत्या.

"आजी, रात्री कुठं झोपता?"

"इथंच. कांद्याची राखन करून राहिली मी."

 सासूबाईंना दोन्ही वेळचं ताट जयवंताबाईच वाढत होत्या.

"साऱ्या गल्लीची माणसं मोजते, सासू काहून नाई मोजली व?" सुभद्राबाईंनी हात पुढे केला. "आन इकडं तराजू."

वर्षालीने शून्य खोडून एक लिहिला. मग दोघी त्याच बारा घरांत पुन्हा गेल्या, या वेळी प्रश्न उलटा करून: गच्चीवर कोण जात नाही? सात म्हातारी माणसं निघाली.

पोती त्याच संध्याकाळी खाली उतरली. पुढचे चार दिवस जयवंताबाईंनी कांदे वाटे लावून विकले. वाटा लहान दिसतो, अशी कोणी कुरकुर केली की म्हणत, "आत जाऊन विचार. तराजू उशाशी घेऊन आमच्या सासूबाई साहेब बसल्या हाय."